तीन वर्षांची पदवी आणि पीएच.डी.चं दार



गेल्या वर्षी उन्हाळ्यात आमच्या आयसेलिनच्या घरी धाकट्या बहिणीची नात आली होती. पोर ठाण्याची, रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली, तीही पहिल्या वर्गात. लग्नकार्यासाठी आली होती, पण चेहरा काही लग्नाचा नव्हता. दोन दिवस आम्ही काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी ओक ट्री रोडवर भाजी घेऊन परत येताना तिने आपणहून सांगितलं.

हिवाळ्यात तिने ठाण्याहूनच इथल्या दोन विद्यापीठांत पीएच.डी.साठी अर्ज टाकले होते. एकाने नाही म्हटलं, ते समजू शकतं, कारण जागाच थोड्या असतात. दुसऱ्याने मात्र कळवलं की अर्ज पुढे पाठवलाच नाही, कारण तुमची तीन वर्षांची पदवी आमच्या चार वर्षांच्या पदवीच्या बरोबरीची नाही. अर्जाची फी गेली ती गेलीच. "आजी, म्हणजे माझी तीन वर्षं फुकट गेली का गं?" असं तिने विचारलं.

आम्हाला लगेच उत्तर देता आलं नाही. कारण हाच प्रश्न आम्ही स्वतःला पूर्वी विचारला होता.

आम्ही १९७८ साली इथे आलो ते मुंबईचा साडेतीन वर्षांचा नर्सिंगचा डिप्लोमा घेऊन. वॉर्डात रात्रपाळ्या केलेल्या, बाळंतपणं केलेली. इथे परवाना देणाऱ्यांनी विचारलं, मनोरुग्णांच्या वॉर्डात किती तास काम केलं? तसा कागद आमच्याकडे नव्हता. ज्या ट्रेनिंग स्कूलमध्ये शिकलो तिथे पत्रावर पत्रं टाकली, पण उत्तर यायला सात महिने लागले. तोवर आम्ही नर्सेस एड म्हणून बेडपॅन उचलत होतो. पुढे नोकरी करून संध्याकाळच्या वर्गांना जाऊन बी.एस.एन. केलं, तेव्हा वय होतं एकेचाळीस. त्याच्या वर एम.एस.एन. आणि त्याच्याही वर नर्सिंगची डॉक्टरेट असते हे ऐकून होतो, पण ती आपल्यासारख्या डिप्लोमावालीसाठी असते असं कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही कुणाला विचारलं नाही.

म्हणून नातीला घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसलो आणि जे कळलं ते आज सगळ्यांसाठी लिहितो आहोत.

आधी बालवाचकांसाठी. पीएच.डी. म्हणजे काय? शाळा-कॉलेजात आपण दुसऱ्यांनी शोधून ठेवलेलं शिकतो. पीएच.डी.त आपण स्वतः एखादा प्रश्न घेऊन, जे अजून कुणी शोधलं नाही ते शोधून काढायचं, ते लिहायचं आणि जाणकारांसमोर सिद्ध करायचं. याला चार, पाच, कधी सहा-सात वर्षंही लागतात. ज्यांना ही पदवी मिळते त्यांच्या नावामागे डॉक्टर लागतं, पण ते सुई टोचत नाहीत. घाबरू नका!

आता हिशेब बघा. आमच्या वेळी महाराष्ट्रात एस.एस.सी. अकरावीला होती आणि पुढे कॉलेजची चार वर्षं. मग दहा अधिक दोन अधिक तीन आलं. दोन्हींची बेरीज पंधराच. अमेरिकेत बारा वर्षं शाळा आणि चार वर्षं कॉलेज, म्हणजे सोळा. सगळी भानगड या एका वर्षाची आहे. मुलगी हुशार की ढ, हा प्रश्न तिथे आलेलाच नसतो. फाटकावरचा माणूस फक्त वर्षं मोजतो.

पण सगळी फाटकं सारखी नाहीत. इथे प्रत्येक विद्यापीठाच्या ग्रॅज्युएट स्कूलचा नियम वेगळा, कधीकधी विभागाचाही वेगळा. काही ठिकाणी तीन वर्षांची पदवी चालते. काही ठिकाणी आधी मूल्यांकन करून मागतात. हे काम करणाऱ्या संस्था असतात, त्यातली वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेस ही १९७४ सालापासून आहे. त्या आपली गुणपत्रकं विषयवार तपासून इथल्या हिशेबात ती कुठे बसतात ते लिहून देतात. मात्र तो रिपोर्ट मानायचा की नाही हे शेवटी विद्यापीठच ठरवतं. आणि तीन वर्षांच्या पदवीवर दोन वर्षांची एम.ए. किंवा एम.एस्सी. असेल तर बेरीज सतरा होते, आणि वर्षांची अडचण बहुतेक ठिकाणी मिटते.

गंमत अशी की इथे विज्ञानाच्या बऱ्याच विषयांत पीएच.डी.ला जायला आधी एम.एस्सी. लागतच नाही. चार वर्षांच्या पदवीवरून थेट घेतात. आपल्याकडे पूर्वी पदव्युत्तर पदवी आणि तीत साधारण ५५ टक्के गुण हवेच असत. २०२२ साली यू.जी.सी.ने नियम बदलला. आता नव्या चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के गुण असले तर तिथेही थेट पीएच.डी.ला अर्ज करता येतो, मात्र प्रवेशाची परीक्षा-मुलाखत असतेच.

पदवीशिवाय इथे आणखी काय मागतात? प्रत्येक कॉलेजचं अधिकृत गुणपत्रक. बऱ्याच ठिकाणी चारपैकी किमान तीन जीपीए. आपल्याला जवळून ओळखणाऱ्या, शक्यतो तीन प्राध्यापकांची शिफारसपत्रं. आपल्याला कशावर काम करायचं आहे आणि का, हे सांगणारा एक-दोन पानांचा मजकूर. इंग्रजीसाठी टोफेल किंवा आयेल्ट्स. जी.आर.ई. पूर्वी जवळजवळ सगळीकडे लागायची. २०२० च्या कोविडनंतर अनेक विभागांनी सक्ती काढली, तरी विचारून घ्यावं. आणि प्रयोगशाळेत किंवा ग्रंथालयात थोडं तरी स्वतःचं काम केलेलं असावं. खर्चाचं म्हणाल तर विज्ञानात निवड झाली की बहुतेक ठिकाणी फी माफ होते आणि शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाचे दरमहा पैसे मिळतात. तेव्हा आईबापांनी घर गहाण टाकण्याआधी हे जरूर विचारावं.

आपल्या माणसांना ही फाटकं काही आज लागलेली नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली मुंबईची बी.ए. घेऊन बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आले. आयसेलिनच्या मेट्रोपार्क स्टेशनावरून गाडीत बसलं की तासाभरात न्यू यॉर्क येतं, इतकं ते जवळ. तिथे १९१५ साली त्यांनी एम.ए. केलं. पीएच.डी. मात्र हातात पडली १९२७ साली, कारण प्रबंध छापून दाखल करावा लागे, आणि तो लंडनला छापला गेला १९२५ साली. एवढ्या मोठ्या माणसालाही कागद पूर्ण होईपर्यंत थांबावं लागलं.

त्याच्याही आधी, १८८३ साली, आनंदीबाई जोशी बोटीने आल्या आणि पहिल्यांदा राहिल्या त्या आमच्या इथून जवळच, न्यू जर्सीतल्या रोझेल गावी, कार्पेंटर बाईंच्या घरी. हातात कुठल्याच विद्यापीठाची पदवी नव्हती. त्यांनी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजला स्वतः पत्र लिहिलं, प्रवेश मिळाला आणि १८८६ साली त्या एम.डी. झाल्या. आपल्या समाजाच्या डॉ. जेरुशा झिराड मुंबईची एल.एम. अँड एस. घेऊन लंडनला गेल्या आणि १९१९ साली तिथल्या विद्यापीठाच्या एम.डी. झाल्या. एम.डी. ही वैद्यकाची पदवी, पीएच.डी.चा मार्ग निराळा. पण मुंबईच्या पदवीवर थांबायचं नाही हे दोन्हीकडे सारखंच.

नातीचं पुढे काय झालं? ठाण्याला परत जाऊन तिने एम.एस्सी.ला नाव घातलं. आधी रुसली होती, दोन वर्षं वाया जाणार म्हणून. आम्ही तिला आमचं सात महिन्यांचं सांगितलं. मग तिने एक शहाणपण केलं. अर्ज भरायच्या आधी तिने सहा विभागांना ई-मेल करून सरळ विचारलं, माझी पदवी अशी आहे, चालेल का? चौघांनी उत्तर दिलं. दोघांनी सांगितलं की एम.एस्सी. झाल्यावर वर्षांचा प्रश्न येणार नाही. एकाने तर म्हटलं की आमच्याकडे तीन वर्षांचीही चालली असती. ते वाचून ती फोनवर रडली आणि मग हसली. अर्ज येत्या डिसेंबरात जातील. निवड होईल की नाही हे कुणी सांगू शकत नाही, पण या वेळी अर्ज वाचला तरी जाईल.

तेव्हा आजी-आजोबांनो, घरातलं पोर वर शिकायचं म्हणालं तर दोन गोष्टी करा. पहिली, त्याला नियम लेखी विचारायला लावा. शेजाऱ्याच्या मुलाला काय चाललं त्यावर जाऊ नका. दुसरी, कॉलेज सोडायच्या आधीच गुणपत्रकांच्या आणि अभ्यासक्रमाच्या शिक्कामोर्तब प्रती काढून सीलबंद पाकिटात ठेवायला सांगा. कॉलेजं बंद होतात, क्लार्क निवृत्त होतात, आणि मग सात समुद्रांपलीकडून पत्रं टाकत बसावं लागतं.

आणि मुलांनो, तुमची वर्षं कुणी कमी मोजली तर अक्कल कमी मोजली असं समजू नका. नातीला आम्ही शेवटी हेच उत्तर दिलं. ते आम्हाला एकेचाळिसाव्या वर्षी कुणी दिलं असतं तर पुढचं दार निदान वाजवून तरी बघितलं असतं.