सामना खेळवावा की पुढे ढकलावा?

कोल्हापूरची ओळख कुस्तीची नगरी म्हणून सर्वदूर झालेली असली, तरी या शहराचे फुटबॉलप्रेमही तितकेच जुने व निष्ठावंत आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावे मूळची तालमींची. तथापि त्यांच्या नावाने मैदानात उतरणारे संघ फुटबॉलचे आहेत, हे ऐकून बाहेरगावच्या पाहुण्यास नवल वाटते. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची स्थापना १९४० सालची. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर हजारो माणसे आपापल्या पेठेचा अभिमान उराशी बाळगून बसतात. येथील हंगाम हिवाळ्यात सुरू होतो आणि त्याचे चुरशीचे सामने एप्रिल-मे महिन्यांपर्यंत, म्हणजे नेमके वळवाच्या दिवसांपर्यंत लांबतात. उलट, सुब्रतो मुखर्जी चषकासारख्या शालेय स्पर्धांच्या जिल्हापातळीवरील फेऱ्या ऐन पावसाळ्यात उरकाव्या लागतात. यास्तव बिघडलेल्या हवेत सामना घ्यावा किंवा कसे, हा प्रश्न येथील संयोजक, शिक्षक व पंच यांच्यापुढे दरवर्षी उभा राहतो.

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. केवळ पाऊस पडतो म्हणून फुटबॉलचा सामना थांबत नाही. कोलकात्याची लीग पावसाळ्यातच रंगते. पाहावयाचे ते एवढेच, की मैदान खेळण्याजोगे आहे काय. त्याची परीक्षा अगदी सोपी आहे. दोन्ही गोलपोस्टसमोरील जागा, चारही कोपरे आणि मध्यवर्तुळ येथे चेंडू खांद्याच्या उंचीवरून सोडावा, मग जमिनीलगत ढकलून पाहावा. चेंडू उसळत नसेल, पाण्यात रुतून जागीच थांबत असेल, रेषा दिसेनाशा झाल्या असतील, तर सामना पुढे ढकलणे योग्य. अशा चिखलात पाय अडकून गुडघा दुखावला, तर कोवळ्या खेळाडूचे पुढील वर्ष वाया जाते. मैदानाची हिरवळ उखडते ती वेगळीच. पश्चिम जर्मनी व पोलंड यांच्यात फ्रँकफुर्ट येथे ३ जुलै १९७४ रोजी झालेला विश्वचषकाचा सामना मुसळधार पावसानंतर मैदानातील पाणी उपसून, काहीसा उशिरा खेळविण्यात आला. जर्मनीने तो १-० असा जिंकला. परंतु त्या मैदानात तो खेळवावयास हवा होता काय, हा वाद पुढे अनेक वर्षे चालू राहिला.

विजेची गोष्ट वेगळी

चिखलाबाबत मतभेद होऊ शकतात; विजेबाबत होऊ नयेत. मोकळ्या मैदानात सर्वांत उंच वस्तू बहुधा खेळाडूच असतो. इंडोनेशियातील बांडुंग येथे फेब्रुवारी २०२४ मध्ये आणि पेरू देशात त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये चालू सामन्यात वीज पडून खेळाडू दगावले. पेरूमधील सामना तर पंचांनी थांबविला होता व खेळाडू मैदानाबाहेर निघाले होते. थांबविण्याचा निर्णय काही मिनिटे आधी होणे किती महत्त्वाचे असते, हे यावरून ध्यानी येईल.

यासाठी जगभर रूढ असलेला नियम लक्षात ठेवण्यास सोपा आहे. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत. आवाजास एक किलोमीटर अंतर कापण्यास सुमारे ३ सेकंद लागतात. म्हणजे ३० सेकंदांच्या आत गडगडाट आला, तर वादळ १० किलोमीटरच्या आत आले आहे, असे समजून सामना तत्काळ थांबवावा. शेवटच्या गडगडाटानंतर पूर्ण ३० मिनिटे लोटल्याखेरीज तो पुन्हा सुरू करू नये. मध्येच पुन्हा गडगडले, तर मोजणी पहिल्यापासून करावी. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे मोबाइल उपयोजन आपल्या आसपास पडणाऱ्या विजांची सूचना देते. प्रत्येक क्रीडाशिक्षकाच्या मोबाइलमध्ये ते असावे.

थांबविल्यावर माणसांनी जावे कोठे, याचा विचार मात्र फारसा होत नाही. मंडप, झाडाची सावली, उघडी पत्र्याची शेड ही आश्रयस्थाने नव्हेत. पक्क्या इमारतीची खोली किंवा काचा बंद केलेली बस हीच सुरक्षित. अशी जागा मैदानाजवळ नसेल, तर आभाळ भरून येताच, गडगडाटाची वाट न पाहता, मुलांना हलवावे लागेल. एका तालुक्याच्या गावी शालेय सामना पाहावयास गेलो असता, वळवाची सर येताच सारी मुले मैदानाकडेच्या आंब्याखाली धावल्याचे प्रस्तुत लेखकाने पाहिले आहे. शिक्षकही त्यांच्या मागोमाग गेले! त्या दिवशी वीज अन्यत्र पडली.

मैदान कोरडे, वाट बंद

जुलै-ऑगस्टमध्ये प्रश्नाचे स्वरूप बदलते. शहरातील मैदान कदाचित खेळण्याजोगे असेलही. पण संघ येतात गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, शिरोळ येथून. कसबा बावड्याजवळील राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, तर धोका पातळी ४३ फूट आहे. पाणी या खुणांजवळ येण्याच्या कितीतरी आधीच कोल्हापूर पद्धतीचे अनेक बंधारे पाण्याखाली जातात व त्यांवरून होणारी वाहतूक थांबते. सन २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पुणे-बंगळूर महामार्गही बंद पडला होता. सकाळी आलेला संघ संध्याकाळी घरी पोहोचेल काय, हा प्रश्न म्हणून आदल्या दिवशीच विचारावयास हवा. हवामान खात्याचा जिल्हानिहाय इशारा नारिंगी किंवा तांबडा असेल, तर निर्णय आदल्या सायंकाळीच घेऊन मुख्याध्यापकांना कळविणे इष्ट. पहाटे निघालेल्या मुलांना मैदानावर येऊन परत जावे लागणे हाही एक धोकाच होय.

निर्णय कोणाचा, यावरून अकारण घोळ होतो. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ अन्वये जिल्हाधिकाऱ्यांनी काढलेला आदेश सर्वांवर बंधनकारक आहे. तसा आदेश नसेल, तर सामन्याच्या दिवसापर्यंत जबाबदारी संयोजकांची. आणि पंच मैदानावर आल्यानंतर सामना थांबविण्याचा वा रद्द करण्याचा अधिकार फुटबॉलच्या नियमांनी त्यांनाच दिला आहे. अर्धवट राहिलेला सामना, स्पर्धेच्या नियमांत अन्य तरतूद नसल्यास, नव्याने खेळवावा लागतो. खरी अडचण येथेच आहे. एका गोलाने पुढे असलेल्या संघास खेळ थांबू नये असे वाटते, मागे असलेल्यास तो थांबावा असे वाटते आणि पायऱ्यांवरील पेठ तर दोघांहून अधीर. अशा गलक्यात पंचाने विजेचे सेकंद मोजावेत, ही अपेक्षा अवाजवी ठरते. मोजण्याचे काम संयोजकांनी मैदानाबाहेरील एका माणसाकडे सोपवावे आणि त्याने हात वर करताच पंचाने शिट्टी वाजवावी, असे सामन्यापूर्वीच दोन्ही कर्णधारांच्या समक्ष ठरवून घ्यावे. राखीव दिवस कोणता व उरलेला खेळ कसा पूर्ण करावयाचा, हेही स्पर्धेच्या पत्रकातच छापलेले असावे.