फवारणी पंप, ग्रास कटर आणि पॉवर वीडरसाठी कोणते पेट्रोल वापरावे?

फवारणीचा हंगाम सुरू झाला की कृषी सेवा केंद्रावर आणि गॅरेजवर एकच तक्रार ऐकू येते. पंप सुरू होतो, पण रेस दिली की बंद पडतो. ग्रास कटर दहा मिनिटे चालतो आणि गरम होऊन थांबतो. गेल्या वर्षी नीट ठेवलेले यंत्र यंदा दोरी ओढून ओढून हात दुखले तरी दाद देत नाही. मग दोष कधी कंपनीला जातो, कधी पेट्रोल पंपाला. प्रत्यक्षात बहुतेक वेळा कारण इंधनाशी निगडित असते: त्याचा प्रकार, त्यातले तेलाचे प्रमाण किंवा ते किती दिवस कॅनमध्ये पडून होते.

हा प्रश्न फक्त दुरुस्तीच्या खर्चाचा नाही. पाठीवरच्या पॉवर स्प्रेमध्ये पंख्याच्या हवेच्या वेगाने द्रावणाचे बारीक थेंब होतात. इंजिन पूर्ण फेरे घेत नसेल तर हवेचा वेग कमी पडतो, थेंब मोठे होतात आणि पानाच्या खालच्या बाजूला औषध पोहोचतच नाही. शेतकरी म्हणतो औषध बोगस निघाले. दोनशे लिटर पाण्यातले औषध वाया गेलेले असते, तुडतुडे किंवा भुरी जागच्या जागी असते आणि दुसरी फवारणी करावी लागते.

पंपावर मिळते ते पेट्रोल नेमके काय असते

देशात 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 दर्जाचे इंधन मिळते. त्यात गंधकाचे प्रमाण जास्तीत जास्त 10 पीपीएम असते. साध्या बीएस-6 पेट्रोलचा ऑक्टेन अंक किमान 91 ठरवलेला आहे. पुढे त्यात इथेनॉलचे प्रमाण वाढत गेले. फेब्रुवारी 2023 मध्ये 20 टक्के इथेनॉल असलेल्या ई-20 पेट्रोलची सुरुवात झाली आणि आता बहुतेक पंपांवर साधे पेट्रोल म्हणून हेच मिळते. म्हणजे एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण 200 मिलि इथेनॉल असते. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन अंक जास्त असल्याने ई-20 चा ऑक्टेन किमान 95 पर्यंत जातो.

हे इथेनॉल कुठून येते हे ऊस आणि मका उत्पादकांना वेगळे सांगायला नको. उसाचा रस, बी-हेवी आणि सी-हेवी मळी, खराब झालेले धान्य आणि मका हे त्याचे मुख्य स्रोत. डिसेंबर 2023 मध्ये उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलवर निर्बंध आले तेव्हा त्याची झळ कारखान्यांमार्फत ऊस उत्पादकांपर्यंत पोहोचली होती. त्यामुळे या इंधनाकडे सरसकट संशयाने पाहणे शेतकऱ्याच्या हिताचे नाही. मात्र आपल्याकडची जुनी लहान इंजिने या इंधनासाठी बनलेली नाहीत, हेही तितकेच खरे आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी लक्षात ठेवाव्या लागतात.

ऑक्टेन जास्त म्हणजे ताकद जास्त, हा गैरसमज

ऑक्टेन अंक हा पेट्रोलच्या ताकदीचा आकडा नाही. सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोलचे मिश्रण दाबले जाते तेव्हा ते ठिणगीशिवाय, अवेळी पेट घेऊ नये, ही क्षमता तो दाखवतो. अवेळी पेट घेतला तर इंजिनात टकटक आवाज येतो आणि पिस्टनवर मार बसतो. ज्या इंजिनात दाब जास्त, त्याला जास्त ऑक्टेन लागतो. फवारणी पंप, ग्रास कटर, पॉवर वीडर, पाण्याचा छोटा पंप यांच्या इंजिनात दाब फार नसतो. या यंत्रांना सर्वसाधारणपणे 91 ऑक्टेन पुरतो. म्हणून 95 किंवा 100 ऑक्टेनचे महाग पेट्रोल घातल्याने पंपाचा फवारा लांब जात नाही. कामाच्या दुचाकीलाही तेच लागू आहे.

महाग पेट्रोलमध्ये इंजिन स्वच्छ ठेवणारी रसायने असतात, हा त्याचा खरा फायदा. पण दरवर्षी नीट सफाई होणाऱ्या यंत्राला त्यासाठी जादा पैसे मोजण्याची गरज नाही. महाग पेट्रोल म्हणजे इथेनॉल नसलेले पेट्रोल, असेही धरून चालू नये. पंपावर स्पष्ट विचारून घ्यावे.

उलट बाजूने, पैसे वाचवण्यासाठी पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळण्याची जुनी सवय काही ठिकाणी अजून आहे. रॉकेलवर चालणारी पाण्याच्या पंपाची इंजिने कमी दाबाची, त्यासाठीच बनवलेली असतात आणि तीही पेट्रोलवर सुरू करून मग रॉकेलवर घ्यावी लागतात. साध्या पेट्रोल इंजिनात रॉकेल घातल्यास ऑक्टेन घटतो, प्लग काळा पडतो आणि न जळलेले रॉकेल ऑइलमध्ये उतरून ऑइल पातळ होते.

ई-20 आणि लहान इंजिन: अडचण कुठे येते

इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला त्याच्या वजनाच्या साधारण 14.7 पट हवा लागते, इथेनॉलला फक्त 9 पट. नव्या मोटारीत आणि दुचाकीत सेन्सर हा फरक ओळखून इंधन वाढवतो. आपल्या फवारणी पंपाच्या कार्बोरेटरला मात्र ठरलेले जेट असते. ते तेवढेच इंधन सोडते, त्यामुळे हवा प्रमाणापेक्षा जास्त होते. इंजिन थोडे गरम चालते आणि भार आला की गुदमरते. चोक अर्धा ओढल्यावर यंत्र बरे चालत असेल तर बहुधा हेच कारण असते. अशा वेळी जाणत्या मेकॅनिककडून कार्बोरेटरची जुळणी करून घ्यावी, चोक ओढून दिवसभर काम रेटू नये.

दुसरी अडचण रबराची. जुन्या यंत्रातील पेट्रोलची नळी, प्रायमरचा फुगा, कार्बोरेटरमधला पडदा हे भाग इथेनॉलने फुगतात किंवा कडक होऊन तडकतात. टाकीत साचलेला जुना चिकट थरही इथेनॉलमुळे सुटतो आणि फिल्टरमध्ये अडकतो. पाच-सात वर्षांपूर्वीचे यंत्र असेल तर हंगामाआधी नळी आणि फिल्टर बदलून घ्यावेत. हे भाग स्वस्त असतात. फवारणीच्या दिवशी यंत्र बंद पडले तर मजुरांचा खाडा त्याहून महाग पडतो.

नवे यंत्र घेताना विक्रेत्याला ई-20 चालते का, हे विचारावे आणि माहितीपुस्तिकेत लिहिलेले पाहावे. अनेक लहान इंजिनांच्या पुस्तिकांत 10 टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असे लिहिलेले असते. तोंडी ‘काही होत नाही’ यावर विसंबू नये, कारण वॉरंटीचा दावा करताना पुस्तिकाच पाहिली जाते.

ॲव्हरेजबद्दलही विचारणा होते. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत ऊर्जा साधारण एक तृतीयांशाने कमी असते. त्यामुळे थोडी घट येणारच. नीती आयोगाच्या 2021 मधील अहवालात ई-10 साठी जुळवलेल्या जुन्या रचनेच्या दुचाकींत 3 ते 4 टक्के आणि चारचाकींत 6 ते 7 टक्के घट येईल, असा अंदाज दिला होता. चाळीस किलोमीटरवरून ॲव्हरेज तीसवर आले असेल तर मात्र दोष इथेनॉलचा नाही. एअर फिल्टर, प्लग आणि ब्रेक तपासावेत.

पाणी: सर्वांत मोठा धोका

इथेनॉल पाणी ओढून घेते. थोडे पाणी मिश्रणात विरघळून राहते आणि इंजिनात जळून जाते. एका मर्यादेपलीकडे मात्र इथेनॉल आणि पाणी एकत्र येऊन टाकीच्या तळाशी वेगळा थर होतो. ई-10 पेट्रोलमध्ये 15 अंश सेल्सिअसला ही मर्यादा लिटरमागे सुमारे 5 मिलि, म्हणजे एका छोट्या चमच्याएवढी असते. ई-20 मध्ये ती काहीशी जास्त असते. तापमान उतरले की मर्यादाही कमी होते. त्यामुळे दिवसा एकजीव दिसणारे पेट्रोल डिसेंबरच्या थंड रात्रीनंतर सकाळी दोन थरांत दिसू शकते. ऐन थंडीत फवारण्या करणाऱ्या द्राक्ष बागायतदारांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

टू-स्ट्रोक इंजिनात याचा फटका दुप्पट बसतो. आपण घातलेले टू-टी ऑइल वरच्या पेट्रोलच्या थरात राहते. टाकीतली नळी मात्र तळातून इंधन ओढते. म्हणजे इंजिनात पाणी-इथेनॉल जाते आणि वंगण जवळजवळ काहीच जात नाही. पिस्टन घासला जातो आणि इंजिन जाम होते. ‘ऑइल बरोबर घातले होते, तरी इंजिन गेले’ असे सांगणारा शेतकरी अनेकदा खरेच बोलत असतो.

हवेतल्या दमटपणाने पाणी शिरते, पण हळूहळू. आपल्याकडे ते जास्त करून थेट शिरते: पावसात उघड्यावर इंधन भरताना, यंत्र धुताना, झाकण सैल असलेल्या कॅनमधून, किंवा औषधाचे द्रावण ढवळलेल्या भांड्यातूनच पेट्रोल ओतल्याने. पेट्रोलचे माप, नरसाळे आणि गाळणी वेगळी ठेवावी. औषध मोजायच्या झाकणाने टू-टी ऑइल मोजणे तर पूर्ण बंद करावे.

ऑइलचे प्रमाण

आधी इंजिन टू-स्ट्रोक आहे की फोर-स्ट्रोक, हे पाहावे. ऑइल भरण्याचे वेगळे झाकण असेल तर ते फोर-स्ट्रोक. त्याच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळू नये, प्लग काळा होऊन यंत्र धूर सोडते. टू-स्ट्रोकमध्ये नुसते पेट्रोल घातले तर काही मिनिटांत इंजिन जाऊ शकते. एका घरात दोन्ही प्रकारची यंत्रे असतील तर कॅनवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे, कारण इंधन भरणारा माणूस दरवेळी एकच असेल असे नाही.

प्रमाण पुस्तिकेप्रमाणेच ठेवावे. 1:50 म्हणजे लिटरला 20 मिलि, 1:40 म्हणजे 25 मिलि आणि 1:25 म्हणजे 40 मिलि. ‘थोडे जास्त घातले तर चांगलेच’ हा समज चुकीचा आहे. जादा ऑइलने सायलेन्सरमध्ये काजळी साचते आणि त्या प्रमाणात पेट्रोल कमी जात असल्याने मिश्रणात हवा आणखी वाढते. मिश्रण नेहमी कॅनमध्ये करून, हलवून मगच टाकीत ओतावे. टाकीत वरून ऑइल ओतले तर ते तळाशी बसते.

खरेदी करताना आणि साठवताना

गर्दी असलेल्या पंपावरून पेट्रोल घ्यावे, तिथला साठा ताजा असतो. शंका आल्यास फिल्टर पेपर मागावा, तो ग्राहकाचा हक्क आहे. नोझलमधून एक थेंब कागदावर टाकावा. साधारण दोन मिनिटांत तो उडून गेला आणि डाग राहिला नाही तर पेट्रोल ठीक समजावे. घनताही तपासून मागता येते. पंपावर नोंदवलेल्या आकड्यापेक्षा ती घनमीटरमागे 3 किलोहून अधिक वेगळी असेल तर विचारणा करावी. मापाबद्दल शंका असेल तर 5 लिटरच्या प्रमाणित मापात भरून दाखवायला सांगावे. त्यात 25 मिलिपर्यंतचा फरक ग्राह्य असतो.

बाटलीत पेट्रोल घेऊन त्यात पाणी टाकायचे आणि खालचा थर वाढलेला दाखवून ‘भेसळ’ म्हणायचे, असे व्हिडिओ फिरत असतात. 100 मिलि ई-20 मध्ये 10 मिलि पाणी टाकून हलवले तर इथेनॉल पाण्याकडे जाते आणि खालचा थर साधारण 30 मिलिच्या आसपास दिसतो. ही भेसळ नाही, ते इथेनॉल आहे. पाणी न टाकताच तळाशी वेगळा थर दिसला, तर मात्र ते पेट्रोल यंत्रात घालू नये. पाण्याने ‘धुऊन’ इथेनॉल काढलेले पेट्रोल वापरण्याचा सल्लाही कोणी देतो. तसे करू नये. त्यात पाण्याचा अंश राहतो, ऑक्टेन घटतो आणि उघड्यावर पेट्रोल हाताळताना आगीचा धोका असतो.

पेट्रोलियम कायदा 1934 नुसार विक्रीसाठी नसलेले 30 लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय ठेवता येते. भांडे घट्ट झाकणाचे हवे, धातूचे असेल तर 25 लिटरपर्यंत आणि काचेचे असेल तर एक लिटरपर्यंत. शीतपेयाच्या प्लास्टिक बाटलीत पेट्रोल नेणे यात बसत नाही, आणि ती बाटली घरात पाण्याची समजून उचलली जाण्याची भीती वेगळीच. कॅन सावलीत, चुलीपासून आणि खताच्या गोणींपासून लांब ठेवावा. पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळ्यात पेट्रोलमधला हलका भाग लवकर उडतो आणि यंत्र सुरू व्हायला कुरकुर करते. त्यामुळे आठवडाभर पुरेल तेवढेच आणावे. ऑइल मिसळलेले पेट्रोल महिन्यापेक्षा जुने होऊ देऊ नये.

हंगाम संपल्यावर टाकी पूर्ण रिकामी करावी. मग यंत्र सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे, म्हणजे कार्बोरेटरमधले इंधनही संपते. प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडावे, दोरी दोन-तीन वेळा हळू ओढून प्लग परत बसवावा आणि टाकीचे झाकण घट्ट लावून यंत्र कोरड्या जागी ठेवावे. काढलेले पेट्रोल जुने नसेल आणि त्यात ऑइल नसेल तर दुचाकीत वापरता येते. ते बांधावर किंवा विहिरीजवळ ओतू नये. पुढच्या हंगामात पहिली फवारणी ठरवण्याच्या आठवडाभर आधी ताजे पेट्रोल भरून यंत्र नुसत्या पाण्यावर दहा मिनिटे चालवून पाहावे, म्हणजे काही दोष निघालाच तर गॅरेजला न्यायला वेळ हाताशी राहतो.