प्रीतीचा दिवस आणि शंभर पौंडांचा प्रश्न

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा उजाडला की शहरांतील दुकाने लाल रंगाने सजू लागतात आणि त्याबरोबरच दरवर्षीचा एक आक्षेपही ऐकू येतो. ‘व्हॅलेंटाईन डे’ हा खरा सण नव्हेच. भेटकार्डे, चॉकलेटे आणि फुले विकणाऱ्यांनी तो उभा केला आहे. प्रेमासारख्या निर्मळ भावनेत पैशाचा शिरकाव त्यांनीच केला, असा या आक्षेपाचा सूर असतो. हा दिवस ज्या देशात जन्मला त्या इंग्लंडमधील जुनी कागदपत्रे चाळली, तर मात्र निराळेच चित्र दिसते. या दिवसाच्या निमित्ताने एका तरुणीने लिहिलेले आणि आजवर टिकून राहिलेले, इंग्रजी भाषेतील सर्वांत जुने म्हणून ओळखले जाणारे प्रेमपत्र १४७७ सालचे आहे. त्या पत्राचा विषय आहे हुंडा.

पत्रलेखिकेचे नाव मार्जरी ब्रूज. इंग्लंडच्या पूर्वेकडील नॉरफक परगण्यात टॉपक्रॉफ्ट येथे राहणाऱ्या सर थॉमस ब्रूज यांची ती कन्या. ज्याला पत्र लिहिले तो जॉन पास्टन हा त्याच परगण्यातील एका जमीनदार घराण्याचा मुलगा. पण थोरल्या भावाच्या हाती कुटुंबाची सूत्रे असल्याने त्याच्या स्वतःच्या नावावर फारसे काही नव्हते. दोघांचे मन जुळले होते, मुलीच्या आईची संमती होती. अडले होते ते देण्याघेण्यावर. जॉनच्या अपेक्षा मोठ्या होत्या आणि सर थॉमस ठरल्या रकमेच्या पुढे सरकावयास तयार नव्हते. त्यांचीही बाजू अगदीच टाकाऊ नव्हती. त्यांना आणखी मुली होत्या. एकीवर सारे खर्चून बाकीच्यांना उघड्यावर टाकणे त्यांना पटत नव्हते.

अशा वेळी मुलीची आई, डेम एलिझाबेथ, पुढे सरसावली. तिने जॉनला आमंत्रण धाडले. येत्या शुक्रवारी संत व्हॅलेंटाईनचा दिवस आहे, त्या दिवशी प्रत्येक पक्षी आपला जोडीदार निवडतो, तेव्हा गुरुवारी रात्रीच मुक्कामाला यावे आणि यजमानांशी समक्ष बोलणे करावे, असा त्याचा आशय. एका घावात झाड पडत नसते, असेही तिने सुचविले. आपण त्याला पैशाहून मोठे धन देत आहोत आणि लेकीचे मोल घ्यावयाचेच ठरले तर हजार पौंडांनाही ती देणार नाही, असेही या व्यवहारी माउलीने बजावले आहे. पाच शतकांनंतर आपल्याकडील कोणत्याही लग्नाच्या बैठकीत हे वाक्य सहज खपून जावे!

मार्जरीची दोन पत्रे उपलब्ध आहेत. पहिल्यात ती जॉनला आपला ‘व्हॅलेंटाईन’ म्हणून संबोधते, त्याच्याकडून काही कळेपर्यंत आपले तन आणि मन ठीक नाही असे सांगते, आणि त्याची मिळकत आहे त्याच्या निम्मी असती तरी आपण त्याला सोडले नसते, असा निर्वाळा देते. हे पत्र दुसऱ्या कोणाच्याही दृष्टीस पडू देऊ नये, अशी तिची कळकळीची विनंती आहे. गंमत अशी की पत्र तिच्या हातचे नाहीच. ते तिच्या वडिलांच्या कारकुनाच्या अक्षरात आहे. आज ते ब्रिटिश लायब्ररीच्या संग्रहात आहे आणि जगभरचे अभ्यासक ते वाचतात.

दुसऱ्या पत्रात भाषा तितकीच आर्जवी, पण आकडे स्पष्ट. वडील १०० पौंड आणि ५० मार्क यांपेक्षा अधिक एक कवडीही देणार नाहीत, हे ती उघडपणे कळविते. मार्क म्हणजे पौंडाचे दोन तृतीयांश, अर्थात १३ शिलिंग ४ पेन्स. त्या हिशोबाने एकूण रक्कम होते १३३ पौंड, ६ शिलिंग, ८ पेन्स. एवढ्यावर आणि आपल्यावर तो समाधानी असेल तर आपल्याइतकी आनंदी मुलगी भूतलावर नसेल. नसेल तर त्याने पुन्हा येण्याचे कष्ट घेऊ नयेत आणि हा विषय इथेच मिटवावा, असे ती लिहिते. या शेवटच्या अटीत जी हिंमत आहे ती पंधराव्या शतकातील अविवाहित मुलीच्या लेखणीतून, किंवा कारकुनाच्या मार्फत का होईना, उतरावी हे विशेष. जॉनच्या आईने आपल्या मालकीची एक जमीनजुमल्याची मिळकत मुलाला देऊ केली, वाटाघाटी पुढे सरकल्या आणि त्याच वर्षी विवाह झाला.

डेम एलिझाबेथने ज्या पक्ष्यांच्या समजुतीचा आधार घेतला ती कुठून आली? येथे एका लोकप्रिय कथेला थोडा छेद द्यावा लागतो. रोमचा सम्राट दुसरा क्लॉडियस याने सैनिकांच्या विवाहास बंदी घातली, व्हॅलेंटाईन नावाच्या धर्मगुरूने गुप्तपणे विवाह लावून दिले आणि त्याला देहदंड झाला, ही कथा दरवर्षी वर्तमानपत्रांतून छापली जाते. वस्तुतः तिसऱ्या शतकातील या नावाच्या हुतात्म्यांविषयी विश्वसनीय अशी माहिती अत्यल्प आहे. रोमचा एक धर्मगुरू आणि तेर्नी येथील एक बिशप असे दोघे सांगितले जातात, आणि ते दोघे की एकच, यावरही वाद आहे. विवाहांची गोष्ट पुष्कळ नंतरची. १९६९ साली कॅथलिक चर्चने आपल्या सार्वत्रिक दिनदर्शिकेची फेररचना केली, तेव्हा १४ फेब्रुवारीवरील या संताचे नाव वगळले; संत म्हणून त्याचे स्थान मात्र कायम ठेवले. प्राचीन रोममधील ‘लुपरकालिया’ या उत्सवाशी जोडला जाणारा संबंधही पुराव्यावर टिकत नाही.

प्रेमाशी या दिवसाची सांगड प्रथम आढळते ती संतचरित्रात नव्हे, तर काव्यात. १३८० च्या सुमारास जेफ्री चॉसर या कवीने ‘पार्लमेंट ऑफ फाउल्स’, म्हणजे पाखरांची सभा, हे दीर्घकाव्य रचले. संत व्हॅलेंटाईनच्या दिवशी सारे पक्षी निसर्गदेवतेपुढे जमतात आणि जोडीदार निवडतात, ही त्यातील कल्पना. ऐन थंडीत पक्ष्यांचे स्वयंवर कसे, असा प्रश्न पडू शकतो. मात्र त्या काळी इंग्लंडमध्ये जुनी ज्युलियन दिनगणना चालू होती आणि तेव्हाचा १४ फेब्रुवारी हा आजच्या गणनेने सुमारे २२ फेब्रुवारीला येत असे. तोवर तिकडे काही पक्ष्यांची किलबिल सुरू झालेली असते. बँकेच्या वाचकांना आणखी एक तपशील रुचेल. हे काव्य लिहिणारा चॉसर दिवसा नोकरी करीत असे. १३७४ ते १३८६ या काळात तो लंडन बंदरात लोकरीवरील जकातीचा नियंत्रक होता आणि हिशोबाच्या वह्या स्वहस्ते लिहिण्याची अट त्याच्या नेमणुकीतच होती. पाखरांची सभा सुचली ती अशा जमाखर्चाच्या दिवसांत.

चॉसरनंतर राजदरबारांत, आणि हळूहळू सुखवस्तू घरांतही, या दिवसाचे रिवाज रुजले. सतराव्या शतकातील रिवाज मोठे मजेदार होते. नौदलाच्या कारभारातील अधिकारी सॅम्युएल पीप्स याच्या रोजनिशीत त्यांची तपशीलवार नोंद सापडते. चिठ्ठ्या टाकून ‘व्हॅलेंटाईन’ ठरविले जात. सकाळी प्रथम दृष्टीस पडणारी परपुरुष वा परस्त्री हीच त्या वर्षाची व्हॅलेंटाईन, असाही संकेत होता. त्यात विवाहित-अविवाहित असा भेद नसे आणि प्रेमाचा संबंध असेच असेही नाही. भेटवस्तू देण्याचे बंधन मात्र असे. १६६२ साली पीप्सच्या घरी रंगारी कामाला होते. भलत्याचे तोंड प्रथम दिसू नये म्हणून त्याच्या पत्नीने सकाळभर डोळ्यांवर हात धरून ठेवले होते. आदल्या वर्षी एका सहकाऱ्याच्या मुलीसाठी पीप्सला नक्षीदार हातमोज्यांचा एक व साध्या पांढऱ्या मोज्यांचे सहा जोड घ्यावे लागले. खर्च ४० शिलिंग. १६६७ साली तो स्वतःच्याच पत्नीचा व्हॅलेंटाईन ठरला. यंदा आपल्याला ५ पौंड पडणार, पण एरवीही ते खर्च झालेच असते, अशी मनाची समजूत त्याने रोजनिशीत घातली आहे. असा पती आजही विरळा नाही.

या रिवाजाला घरोघरी नेण्याचे श्रेय मात्र टपाल खात्याला द्यावे लागेल. १८४० पूर्वी ब्रिटनमध्ये टपालखर्च अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरे आणि बहुधा पत्र घेणाऱ्याकडून वसूल केला जाई. रोलंड हिल यांच्या सुधारणेनुसार १० जानेवारी १८४० पासून अर्ध्या औंसापर्यंतचे पत्र देशभर कोठेही एका पेनीत जाऊ लागले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात चिकटवावयाचे टपाल तिकीट आले. आता मोलकरणीलाही प्रीतीचे पत्र परवडू लागले, आणि नाव न लिहिता पाठविणेही सोपे झाले. नावे गुप्त राहू लागली तसा दुरुपयोगही आलाच. कुरूप चित्र आणि टोचून बोलणारी कविता असलेली ‘व्हिनेगर व्हॅलेंटाईन’ नावाची स्वस्त पत्रे नावडत्या शेजाऱ्याला, कंजूष दुकानदाराला, प्रौढ कुमारिकेला पाठविली जात. टपालखर्च घेणाऱ्याने भरावयाचा त्या जुन्या पद्धतीत तर माणसाला स्वतःच्या अपमानाचे पैसेही मोजावे लागत.

अटलांटिकच्या पलीकडे या पत्रांचा उद्योग उभारण्यात एका तरुणीचा मोठा वाटा होता. एस्थर हाउलंड ही मॅसॅच्युसेट्स राज्यातील वुस्टर गावची. १८४७ साली पदवी घेऊन ती घरी परतली. वडिलांचे लेखनसाहित्याचे दुकान होते. इंग्लंडहून आलेले जाळीदार कागदाचे एक व्हॅलेंटाईन पत्र पाहून असे आपणही करू शकू, असे तिला वाटले. तिने नमुने तयार केले आणि भावाने फिरतीवर जाताना ते सोबत नेले. फार तर २०० डॉलरची मागणी येईल अशी तिची अपेक्षा होती. भाऊ ५,००० डॉलरहून अधिक मागणी घेऊन परतला, असे सांगितले जाते. एकटीच्या हातून हे होणे शक्य नव्हते. तिने मैत्रिणींना बोलावले, लांब टेबलाभोवती बसविले आणि काम वाटून दिले: एकीने चित्रे कापावयाची, दुसरीने रंगीत पार्श्वभूमी घालावयाची, तिसरीने जाळी चिकटवावयाची. हेन्री फोर्डच्या मोटारीला तेव्हा अजून अर्धशतकाहून अधिक अवकाश होता. १८८१ साली आजारी वडिलांच्या शुश्रूषेसाठी तिने हा भरभराटीचा व्यवसाय विकला. हजारोंना प्रीतीची पत्रे पुरविणारी एस्थर स्वतः अखेरपर्यंत अविवाहित राहिली.

देण्याघेण्याचा काटेकोरपणा पाहावा तो मात्र जपानमध्ये. तेथे १४ फेब्रुवारीला स्त्रियांनी पुरुषांना चॉकलेट द्यावयाचे, अशी पद्धत गेल्या शतकाच्या उत्तरार्धात मिठाई उत्पादकांच्या प्रयत्नांनी रुजली. मनातल्या माणसासाठी वेगळे चॉकलेट आणि कार्यालयातील साहेब व सहकारी यांच्यासाठी ‘गिरी चोको’, म्हणजे कर्तव्याचे चॉकलेट, वेगळे. हे ऋण फेडण्यासाठी १९८० च्या सुमारास १४ मार्चचा ‘व्हाइट डे’ प्रचारात आला. २०१८ साली एका चॉकलेट कंपनीनेच वृत्तपत्रात जाहिरात देऊन ही सक्तीची भेट थांबवावी असे आवाहन केले, तेव्हा अनेक नोकरदार स्त्रियांनी सुटकेचा निःश्वास टाकला असावा.

आणि मार्जरीच्या इंग्लंडमध्ये आज १४ फेब्रुवारीला जे लाल गुलाब विकले जातात, त्यांतील काही पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्यातून गेलेले असतात. तळेगाव दाभाडे परिसरात पॉलिहाऊसमध्ये गुलाबशेती करणारे शेतकरी डिसेंबरच्या आरंभी रोपांच्या फांद्या वाकवून व छाटून घेतात, म्हणजे जानेवारीच्या अखेरीस नेमका बहर हाती येतो. थंडी वाढली तर कळी उशिरा येते, ऊन चढले तर लवकर, दोन्हींत नुकसान. फुलांची प्रतवारी दांड्याच्या लांबीवर होते, २० फुलांची जुडी बांधून ती शीतगृहात ठेवली जाते आणि तेथून विमानाने परदेशी जाते. फेब्रुवारीच्या १० तारखेच्या आसपास निर्यातीचा माल निघून गेलेला असतो; उरलेली फुले मुंबई, दिल्लीसारख्या देशी बाजारपेठांसाठी. ज्या वर्षी लग्नाचे मुहूर्त दाट असतात, त्या वर्षी देशातच चांगला भाव मिळतो आणि परदेशी पाठवावे की इथेच विकावे, असा पेच पडतो. पॉलिहाऊसच्या कर्जाचा हप्ता बहुधा याच पंधरवड्याच्या भरवशावर असतो. १५ फेब्रुवारीला त्याच जुडीचा भाव उतरलेला असतो. शेतकरी तोवर पंचांग उघडून पुढच्या लग्नतिथी पाहू लागलेला असतो.