वसई-विरारमधील बाल अत्याचारांची नोंद : गैरसमज आणि वस्तुस्थिती

बाल अत्याचारात मारहाण, लैंगिक शोषण, मानसिक छळ आणि हेळसांड या सर्वांचा समावेश होतो. त्यांची माहिती पोलीस, बाल कल्याण समिती, रुग्णालये, शाळा आणि 1098 ही हेल्पलाइन अशा अनेक ठिकाणी जमा होते. कोणत्या वयाच्या मुलांना, कुठे आणि कोणापासून धोका आहे, हे या नोंदींवरूनच कळते. त्यांच्याविषयीचे गैरसमज मात्र मुलांच्या संरक्षणाच्या आड येतात.

गैरसमज : आकडा वाढला म्हणजे अत्याचार वाढले.
वस्तुस्थिती : राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालात बालकांविरुद्धचे सर्वाधिक, म्हणजे 20,762 गुन्हे महाराष्ट्रात नोंदले गेले. हा नोंदलेल्या गुन्ह्यांचा आकडा आहे. राज्याची लोकसंख्या, लोकांची जागरूकता आणि तक्रार घेण्याची तत्परता यांवरही तो अवलंबून असतो. प्रश्न कोणाला आणि कसा विचारला, यानेही चित्र पालटते. केंद्र सरकारच्या 2007 च्या अभ्यासात 12,447 मुलांशी बोलणे झाले, तेव्हा 53 टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सांगितला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत मात्र 18 ते 29 वयाच्या अवघ्या 1.5 टक्के महिलांनी 18 वर्षांआधी लैंगिक हिंसा झाल्याचे सांगितले. व्याख्या आणि पद्धत दोन्ही वेगळ्या होत्या. एकही तक्रार नसलेली शाळा सुरक्षितच असते असेही नाही. कदाचित तिथे मुलांना बोलायला कोणी नसते.

गैरसमज : पोलिसांचा आकडा म्हणजे पूर्ण चित्र.
वस्तुस्थिती : समजा, नालासोपाऱ्यातील चौथीच्या मुलीने शेजाऱ्याविषयी वर्गशिक्षिकेला सांगितले. शिक्षिकेने 1098 ला फोन केला, तो झाला एक कॉल. पोलीस ठाण्यात एक गुन्हा, बाल कल्याण समितीकडे एक बालक, रुग्णालयात एक केसपेपर. मुलगी एकच, नोंदी चार. उलट, एकाच गुन्ह्यात तीन मुले बळी पडली असतील, तरी गुन्हा एकच मोजला जातो.

हद्दींचाही घोळ होतो. 1 ऑक्टोबर 2020 पासून वसई-विरार हे मीरा-भाईंदरसह स्वतंत्र पोलीस आयुक्तालयात आहे. मीरा-भाईंदर ठाणे जिल्ह्यात, तर वसई-विरार पालघर जिल्ह्यात. बाल कल्याण समित्या मात्र जिल्हानिहाय असतात आणि रेल्वे स्थानकावरचा गुन्हा लोहमार्ग पोलिसांकडे जातो. पालघर जिल्हा पोलिसांचा आकडा साऱ्या जिल्ह्याचा समजला, तर जिल्ह्यातील सर्वांत मोठे शहरच त्यातून निसटते.

गैरसमज : धोका अनोळखी माणसांपासून आणि फक्त मुलींनाच.
वस्तुस्थिती : 2021 च्या राष्ट्रीय आकडेवारीत बालकांचे लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण करणाऱ्या ‘पोक्सो’ कायद्याच्या सुमारे 96 टक्के प्रकरणांत आरोपी मुलाच्या ओळखीचाच होता. 2007 च्या अभ्यासात लैंगिक अत्याचार सांगणाऱ्यांत मुलगे निम्म्याहून किंचित अधिक होते. म्हणूनच नोंदीत मुलाचे वय, लिंग, आरोपीशी नाते आणि घटनेचे ठिकाण असायलाच हवे.

गैरसमज : पुरावा हाती आल्यावरच कळवायचे.
वस्तुस्थिती : ‘पोक्सो’च्या कलम 19 नुसार गुन्हा घडल्याची माहिती असणाऱ्याने, तसेच तो घडण्याची भीती वाटणाऱ्यानेही पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. सद्‌हेतूने कळवणाऱ्याला कायद्याचे संरक्षण मिळते. गुन्हा दडवणाऱ्याला कलम 21 नुसार शिक्षा होऊ शकते. पुरावे शोधणे हे पोलिसांचे काम. पोलिसांनीही 24 तासांत बाल कल्याण समितीला कळवायचे असते.

गैरसमज : नोंद केली की मुलाची बदनामी होते.
वस्तुस्थिती : बळी पडलेल्या मुलाची ओळख उघड करण्यास कायद्याने मनाई आहे. आकडेवारीसाठी नावाची गरजही नसते. सर्व यंत्रणांत चालणारा एकच सांकेतिक क्रमांक पुरतो. त्यामुळे दुबार मोजणी टळते आणि मुलाला तोच दुःखद अनुभव पुन्हा पुन्हा सांगावा लागत नाही.

नोंदींचा मेळ घातला, तर समुपदेशक कोणत्या शाळेत हवा आणि कोणत्या वीटभट्टीवरच्या स्थलांतरित मुलांपर्यंत आधी पोहोचायचे, हे ठरवता येते. त्याची सुरुवात मोठ्यांच्या एका कृतीने होते. मूल काही सांगू लागले तर त्याचे ऐकावे, त्याच्यावर विश्वास ठेवावा आणि 1098 किंवा 112 या आपत्कालीन क्रमांकावर लगेच कळवावे.