आठ हजारांपासून एका पैशापर्यंत

मुंबईची बारा डब्यांची लोकल ऐन गर्दीच्या वेळी खच्चून भरली, की तिच्यात पाचेक हजार माणसं मावतात. आता हा आकडा घ्या : १० फेब्रुवारी १९४९ रोजी पुणे विद्यापीठ स्थापन झालं तेव्हा त्याच्याशी संलग्न महाविद्यालयं होती १८ आणि विद्यार्थी आठ हजारांवर. म्हणजे बारा जिल्ह्यांचं अख्खं विद्यापीठ दोन लोकलमध्ये बसलं असतं. वर पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांना खिडकीची जागाही मिळाली असती!

२०२४ मध्ये या विद्यापीठाला पंचाहत्तर वर्षं झाली. आता त्याचं नाव सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. मधल्या काळात नवी विद्यापीठं निघाली, १९६२ मध्ये कोल्हापूरचं, १९९० मध्ये जळगावचं, आणि बारा जिल्ह्यांचे तीन उरले : पुणे, नगर, नाशिक. घर पाव झालं, तर माणसंही कमी व्हायला हवीत ना? झालं उलटंच. आज विद्यार्थी आहेत सुमारे सात लाख. सत्त्याऐंशी पट! त्यांना त्याच लोकलमध्ये कोंबायचं, तर गाड्या लागतील एकशे चाळीस. या गाड्या एकामागे एक चिकटवून उभ्या करा. पहिलीचं नाक सीएसएमटीच्या बफरला टेकलं, तर शेवटचीचं शेपूट ठाणं ओलांडून बाहेर लोंबेल. पस्तीस किलोमीटर नुसते विद्यार्थी!

आणि याच विद्यार्थ्यांना एकेक मीटर अंतर ठेवून रांगेत उभं केलं तर? सातशे किलोमीटर. रांग पुण्याहून मुंबईला जाईल, परत येईल, पुन्हा जाईल, पुन्हा परत येईल, आणि तरीही शेपटाकडची शंभर किलोमीटर पोरं विचारत राहतील, ‘आम्ही कुठे उभं राहायचं?’

आता हे सगळे परीक्षेला बसवू. दोन सत्रं, सत्राला पाच पेपर धरले, तर वर्षाला सत्तर लाख उत्तरपत्रिका. एक उत्तरपत्रिका हातात घेऊन बघा. कडेला आखलेला समास, कोपऱ्यात बैठक क्रमांकाचे चौकोन, हुशार मुलाची असेल तर मागे दोऱ्याने बांधलेली पुरवणी. जाडी फार तर दोन मिलिमीटर. अशा सत्तर लाख एकावर एक रचल्या, की ढीग होतो चौदा किलोमीटर उंच. एव्हरेस्ट पावणेनऊ किलोमीटरला संपतं. प्रवासी विमानं दहा-अकरा किलोमीटरवरून जातात. वैमानिकाला आपल्या पेपरांचा ढीग चुकवून विमान वळवावं लागेल!

आणि हे तपासणार कोण? एका परीक्षकाला बसवा. हातात लाल पेन, एका पेपरला दहा मिनिटं. झोप नाही, जेवण नाही, चहासुद्धा नाही. एकाच वर्षाचे पेपर संपवायला त्याला एकशे तेहेतीस वर्षं लागतील. म्हणजे १८९३ मध्ये लोकमान्य पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सव उभा करत होते तेव्हा गुरुजी पेपर तपासायला बसले असते, तर शेवटच्या पेपरावर त्यांनी सही केली असती २०२६ मध्ये. तोवर खाली नव्या पेपरांचे गठ्ठे येऊन पडलेलेच! हजारो परीक्षक हे काम वाटून घेतात, म्हणून निकाल आपल्या हयातीत लागतो.

थोडं आवारात फिरून येऊ. गणेशखिंडीतलं हे आवार ४११ एकरांचं. वडापिंपळाच्या सावलीतून चालताना अंदाज येत नाही. पाऊस मोजला की येतो. पुण्यात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. या आवारावर पडणारं तेवढंच पाणी धरून ठेवलं, तर भरतं ११६ कोटी लिटर. पंचवीस फूट रुंद आणि चाळीस फूट खोल अशा विहिरी त्याने काठोकाठ भरायच्या म्हटल्या, तर दोन हजारांहून जास्त विहिरी खणाव्या लागतील. एकरी पाच विहिरी!

इथवरचे आकडे पृथ्वीवर मावणारे होते. आता त्याच आवारात, १९८८ मध्ये सुरू झालेल्या आणि जयंत नारळीकरांनी उभ्या केलेल्या ‘आयुका’च्या दारातून आत शिरू. आयुका ही खगोलशास्त्राची वेगळी संस्था, पण पत्ता विद्यापीठाचाच. २०१७ मध्ये आयुका आणि पुण्याच्याच आयसर या विज्ञानसंस्थेतल्या शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह दीर्घिकांचा एक महासमूह शोधून काढला. नाव ठेवलं सरस्वती. अंतर चारशे कोटी प्रकाशवर्षं, पसारा साठ कोटी प्रकाशवर्षं.

साठ कोटी प्रकाशवर्षं म्हणजे किती? प्रकाश एका सेकंदात मुंबई-पुणे हजार वेळा जाऊन येतो. आपण विद्यापीठ चौकातल्या सिग्नलला मिनिटभर थांबलो, तर त्याच्या साठ हजार खेपा झालेल्या असतात. तोच प्रकाश साठ कोटी वर्षं धावला, की सरस्वतीचं एक टोक ते दुसरं टोक गाठतो. आपण गाडीने निघालो तर? द्रुतगती मार्गाचा ताशी शंभरचा वेग, ना टोल ना खंडाळ्याचा घाट. तरी विश्व जन्मल्यापासून आजवर जितकी वर्षं गेली, त्याच्या पावणेपाच लाख पट वर्षं स्टिअरिंग धरून बसावं लागेल!

आणि वजन? दोन कोटी अब्ज सूर्यांएवढं. पृथ्वीवरच्या आठशे कोटी माणसांत हे सूर्य सारखे वाटले, तर माणशी येतात पंचवीस लाख सूर्य. तुम्हाला पंचवीस लाख, शेजाऱ्याला पंचवीस लाख, आज सकाळी जन्मलेल्या बाळालाही पंचवीस लाख!

मग २०४९ च्या शताब्दीकडे निघालेल्या विद्यापीठाने आणखी मोठं व्हायचं का? पुढच्या पंचाहत्तर वर्षांत पुन्हा सत्त्याऐंशी पट वाढ झाली, तर विद्यार्थी होतील सहा कोटींवर. २०११ च्या जनगणनेत अख्खा महाराष्ट्र होता सव्वाअकरा कोटींचा! पाळण्यातल्या बाळांपासून काठी टेकणाऱ्या आजोबांपर्यंत निम्म्याहून जास्त महाराष्ट्राला परीक्षेचा फॉर्म भरावा लागेल. तेव्हा पसरून झालं. आता बारीक व्हायची पाळी आहे. बारीक म्हणजे किती बारीक, ते ऐकाच.

हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, ‘लिगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने तिला २,६०० कोटी रुपये मंजूर केले आणि ती उभारणाऱ्या संस्थांत आयुकाही आहे. तिथे चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा असतील. दूरवर कृष्णविवरं एकमेकांवर आदळली, की या भुजांची लांबी प्रोटॉनच्या रुंदीच्या दहा हजाराव्या भागाएवढी बदलते. ते मोजायचं! कसं मोजतात ते शास्त्रज्ञांवर सोडू. आपण पैशांत हिशेब करू.

भारताचं एका वर्षाचं सकल देशांतर्गत उत्पादन धरा ३३० लाख कोटी रुपये. एवढी रक्कम विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याच्या हाती ठेवा. मग तेवढीच दुसऱ्याच्या. मग तिसऱ्याच्या. ठाण्यापलीकडे गेलेल्या त्या एकशे चाळीस लोकलमधल्या सातही लाख विद्यार्थ्यांच्या हातात भारताची वर्षवर्षाची सगळी कमाई द्या. सात लाख वर्षांची कमाई झाली ही! आता ती सगळी एका ढिगात ओता आणि त्यातून हळूच एक पैसा काढून घ्या.

रुपया नव्हे, चार आणे नव्हे. एक पैसा!

तो पैसा कमी झाल्याचं हिंगोलीत कळणार आहे. आणि ‘एक पैसा कमी भरतोय’ असं ओरडून सांगणारी पोरगी आज याच सात लाखांत कुठेतरी बसून सत्राचा पेपर लिहीत असेल, तर तिला पुरवणी द्या. मागेल तितक्या द्या!