इंग्रजीचा पोर्शन संपतो म्हणजे नेमकं काय संपतं?

दिवाळीची सुट्टी संपली की कोल्हापुरातल्या कुठल्याही हायस्कूलच्या पालकसभेत दहावीच्या पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो : ‘‘सर, इंग्रजीचा पोर्शन झाला का?’’ जानेवारीत तोच प्रश्न ‘‘रिव्हिजन कितवी चाललीय?’’ असा होतो. शिवाजी पेठेतली शाळा असो की कागलकडची, प्रश्नात फरक पडत नाही. विज्ञानाबद्दल किंवा भूगोलाबद्दल असं विचारलं तर समजू शकतं. तिथं धड्यात माहिती असते आणि तीच परीक्षेत विचारली जाते. इंग्रजीत तसं नाही. तरीही ‘धडे संपले, कविता संपल्या, गाइडमधली उत्तरं पाठ झाली, म्हणजे इंग्रजी झालं’ हा समज इतका घट्ट बसलाय, की त्याविरुद्ध बोलणारा शिक्षक पालकांना कामचुकार वाटतो.

तेव्हा तत्त्वज्ञान बाजूला ठेवू आणि आधी हिशेब करू. मराठी माध्यमाची मुलं दहावीला तृतीय भाषा म्हणून इंग्रजीची जी कृतिपत्रिका सोडवतात, ती सध्या ८० गुणांची आहे. उरलेले २० गुण शाळेतल्या अंतर्गत मूल्यमापनाचे. या ८० पैकी पाठ्यपुस्तकातल्या गद्य उताऱ्यांना २० आणि कवितेला १०. म्हणजे ज्याला आपण ‘पोर्शन’ म्हणतो, त्याच्या वाट्याला आले ३०. आता बाकीचे ५० बघा. भाषाभ्यासाला १०. पुस्तकाबाहेरच्या, मुलानं कधीच न पाहिलेल्या उताऱ्याला १५, त्यातले ५ सारांशलेखनाचे. पत्र, संवाद, भाषण, बातमी, गोष्ट, तक्त्यातली माहिती परिच्छेदात मांडणं, अशा लेखनाला २०. आणि भाषांतराला ५. वर्षभर ज्या पोर्शनसाठी घरात ताण असतो, तो लेखी परीक्षेतल्या निम्म्या गुणांनासुद्धा पुरत नाही.

पुढची गोष्ट याहून गमतीची आहे. त्या ३० गुणांसाठीही पाठांतराची गरज नसते, कारण धड्यातला उतारा कृतिपत्रिकेतच छापलेला असतो. कवितेच्या ओळीही समोर असतात. मुलानं त्या वाचायच्या, माहिती शोधायची, शब्दांचे अर्थ संदर्भावरून लावायचे आणि लिहायचं. जे समोर छापून दिलंय, ते पाठ करून जाण्याचा खटाटोप कशासाठी?

‘‘पण उत्तरं पाठ असली की बरं पडतं.’’ हे उत्तर मला इतक्यांदा मिळालंय, की आता मी लगेच गाइड उघडायला सांगतो. प्रत्येक पाठ्य उताऱ्याखालची शेवटची कृती काढा. तिला शिक्षक ‘पर्सनल रिस्पॉन्स’ म्हणतात, मराठीच्या कृतिपत्रिकेत तिचं नाव ‘स्वमत’. दोन गुणांची ही कृती विद्यार्थ्याला विचारते : तुला काय वाटतं? तू त्या जागी असतास तर काय केलं असतंस? गाइडमध्ये याचंही उत्तर तयार असतं. वर्गातली साठ मुलं ते पाठ करतात आणि साठ जणांचं ‘स्वतःचं मत’ स्वल्पविरामासकट सारखं निघतं. प्रत्येक मुलाची आई शेतावर कष्ट करते, प्रत्येकाला मोठेपणी डॉक्टर होऊन गरिबांची सेवा करायची असते. हा विनोद नाही. पंधरा वर्षांच्या मुलाला ‘तुझं मत सांग’ म्हटल्यावर दुसऱ्याचं वाक्य शोधायची सवय आपण लावतोय, आणि तीही पैसे मोजून.

मग हायस्कूलच्या इंग्रजीचं उद्दिष्ट आहे तरी काय? ते कुठंही दडवलेलं नाही. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकात, पहिल्या धड्याच्या आधीच्या पानांवर, क्षमतांची यादी असते. ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं आणि भाषेचा अभ्यास, अशी तिची सर्वसाधारण मांडणी. ही पानं मुलं उलटून पुढं जातात, पालक पाहत नाहीत, आणि खरं सांगायचं तर शिक्षकही वार्षिक नियोजन लिहितानाच त्यांच्याकडे वळतात. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ साठी एनसीईआरटीनं इंग्रजी अध्यापनावर जो अभ्यासगट नेमला होता, त्यानं तर दोनच उद्दिष्टं सांगितली. पहिलं, भाषेवर पायाभूत पकड. दुसरं, त्या भाषेतून अमूर्त विचार करता येणं आणि ज्ञान मिळवता येणं. माध्यमिक टप्प्याच्या अध्ययन निष्पत्तीही एनसीईआरटीनं २०१९ मध्ये प्रसिद्ध केल्या आहेत. ‘अध्ययन निष्पत्ती’ हा शब्द ऐकून घाबरायचं कारण नाही. शिकून झाल्यावर मुलाला काय करता आलं पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ. त्यात ‘अमुक धडा यावा’ असं वाक्य नसतं, कारण धडा हे साधन आहे. तो बदलला तरी उद्दिष्ट तेच राहतं.

बाहेरच्या देशांतही वेगळं नाही. अमेरिकेत २०१० मध्ये आलेल्या ‘कॉमन कोर’ या मानकांत इंग्रजी वाचनाची पहिलीच अपेक्षा अशी, की विद्यार्थ्यानं बारकाईनं वाचावं आणि आपल्या निष्कर्षाला मजकुरातला पुरावा द्यावा. पुस्तक कोणतं, हे बरंचसं शाळेवर सोडलेलं. आपल्या कृतिपत्रिकेतल्या ‘का?’ आणि ‘कशावरून?’ या कृती हेच मागत असतात. मागणी तीच आहे, तयारी मात्र आपण भलतीच करून घेतो.

‘पोर्शन संपला की इंग्रजी झालं’ हा समज टिकून राहिला याची कारणं आहेत, आणि सगळा दोष पालकांच्या माथी मारणं बरोबर नाही. आजोबांच्या पिढीनं इंग्रजी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर शिकलं. आई-बाबांच्या वेळी प्रश्नपत्रिकेत धड्याखालचेच प्रश्न यायचे आणि पाठ केलेलं उत्तर खरंच गुण मिळवून द्यायचं. नंतर कृतिपत्रिका आली. परीक्षा बदलली, घरातला अनुभव जुनाच राहिला. शिवाय पोर्शन मोजता येतो. ‘सात धडे झाले, पाच राहिले’ असं सांगता येतं. ‘मुलाला अनोळखी मजकुरातून लेखकाचा सूर ओळखता येऊ लागला’ हे मोजायला शिक्षकाला त्याच्या शेजारी बसावं लागतं. साठ-सत्तरच्या वर्गात ते सोपं नाही, हेही मान्य.

आता अंतर्गत मूल्यमापनाच्या त्या २० गुणांविषयी. ऐकणं आणि बोलणं ही चारपैकी दोन कौशल्यं. म्हणजे कागदावर निम्मं उद्दिष्ट. ती लेखी परीक्षेत तपासता येत नाहीत, म्हणून अंतर्गत मूल्यमापन. पण कित्येक ठिकाणी हे गुण खिरापतीसारखे वाटले जातात, हे गुपित राहिलेलं नाही. २०१८-१९ मध्ये भाषा विषयांचे अंतर्गत गुण काढून टाकले. २०१८ मध्ये राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता, तो २०१९ मध्ये ७७.१० टक्क्यांवर आला. नवा अभ्यासक्रम, नवी कृतिपत्रिका हीही त्याची कारणं होती. ओरड झाली आणि पुढच्या वर्षी २० गुण परत आले. मला ते परत यायलाच हवे होते असं वाटतं. राग याचा, की त्या ओरडीत ‘मुलांना इंग्रजी बोलता येतं का’ हा प्रश्न फार कमी जणांनी विचारला. चर्चा टक्केवारीची झाली.

वाचता येणं आणि कळणं यातलं अंतर ज्यांना काल्पनिक वाटतं, त्यांनी ‘असर’चा २०२३ चा अहवाल पाहावा. ग्रामीण भारतातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांची ती पाहणी होती. इंग्रजी वाक्यं वाचू शकणारे निघाले ५७.३ टक्के, आणि जे वाचू शकले त्यांच्यापैकी सुमारे तीन चतुर्थांश मुलांनाच त्या वाक्यांचा अर्थ सांगता आला. म्हणजे घडाघडा वाचणाऱ्या दर चारांतल्या एकाच्या तोंडून फक्त आवाज बाहेर पडत होता. त्याच पाहणीत सुमारे पाव मुलांना स्वतःच्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूरही सफाईनं वाचता आला नाही. हा दुसरा आकडा इंग्रजीच्या शिक्षकांनीही भिंतीवर लावावा असा आहे.

पुढचा लाडका गैरसमजही वाचणं आणि कळणं यातल्या याच अंतराशी जोडलेला आहे : ‘सेमी घेतलं की इंग्रजी सुधारतं.’ सेमी इंग्रजीत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवतात. अकरावी सायन्सला जाणाऱ्या मुलाला पारिभाषिक शब्दांची ओळख आधीच होते, हा फायदा खरा. पण सेमीच्या मुलाचा इंग्रजी विषय तृतीय भाषेचाच राहतो. पुस्तक तेच, कृतिपत्रिका तीच. प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या इंग्रजीत पाठ म्हणणाऱ्या मुलाला तीच गोष्ट इंग्रजीतल्या आपल्या चार वाक्यांत सांगायला लावा. भाषा वाढली की फक्त ओझं, ते तिथंच कळेल.

मावसभावाशी तुलना करणाऱ्यांसाठीही एक खुलासा. इंग्रजी माध्यमाची मुलं इंग्रजी प्रथम भाषा म्हणून ‘कुमारभारती’ शिकतात, मराठी माध्यमाची तृतीय भाषा म्हणून ‘माय इंग्लिश कोर्सबुक’. दोघांच्या परीक्षा वेगळ्या. त्याचे ७८ आणि हिचे ९० शेजारी ठेवून घरात वाद घालू नका. (राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवलं जातं, तरी दहावीत तिचं नाव ‘तृतीय’च. ही क्रमवारी अभ्यासक्रमाच्या सोयीची आहे, महत्त्वाची नव्हे.)

‘मराठी शाळेतून इंग्रजी येतच नाही’ म्हणणाऱ्यांना कोल्हापूरकर हमखास गोपाळ कृष्ण गोखल्यांचं नाव सुनावतात : कागलला शिकले, मग कोल्हापुरात इंग्रजी शिकले आणि पुढं थेट व्हाइसरॉयच्या कौन्सिलात इंग्रजी गाजवलं. उदाहरण खरं आहे, पण ते पुरावा म्हणून वापरू नये. गोखले एकच होते. त्यापेक्षा भाषातज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये मांडलेला सिद्धांत कामाचा : पहिल्या भाषेत कमावलेली वाचनाची, तर्काची, सारांश काढण्याची ताकद दुसऱ्या भाषेत उतरते, फक्त त्या दुसऱ्या भाषेशी पुरेसा संबंध यायला हवा. या शेवटच्या अटीवर आपली गाडी अडते.

आणखी काही गैरसमज. ‘ग्रामर पक्कं झालं की झालं.’ भाषाभ्यास १० गुणांचा आणि त्यात शब्दसंग्रहही आला. उताऱ्यांखाली व्याकरणाची आणखी एखादी कृती येते, तीही दोन गुणांची. अ‍ॅक्टिव्हचं पॅसिव्ह बिनचूक करणारं मूल पॅसिव्ह कुठं वापरायचं ते सांगू शकत नसेल, तर त्या सरावाचा उपयोग तेवढाच.

‘मराठीतून विचार करून भाषांतर करणं चूक.’ तर मग कृतिपत्रिकेत भाषांतराला ५ गुण कशाला ठेवलेत? युरोपच्या भाषा आराखड्यानंही २०१८ च्या पुरवणीत, एका भाषेतलं दुसऱ्याला दुसऱ्या भाषेत समजावून देणं, हे स्वतंत्र कौशल्य म्हणून सविस्तर मांडलं आहे. आजीला औषधाच्या खोक्यावरचं इंग्रजी मराठीत सांगणारं मूल तेच करत असतं.

‘कविता कशाला? पुढं काय उपयोग?’ रसग्रहणात ५ गुण आहेत, एवढं तरी उत्तर घ्या. बाकीचं उत्तर गुणांसाठी विचारणाऱ्याला पटणार नाही.

‘फाडफाड बोलता आलं म्हणजे इंग्रजी आलं.’ नाही. बोलणं चारांतलं एक.

‘मोठे शब्द वापरले की परीक्षक खूश होतो.’ परीक्षकाला विषयाला धरून लिहिलेली सरळ वाक्यं दिसली तरी तो सुखावतो.

आता करायचं काय? गाइड फेकून द्या असं मी म्हणणार नाही; ते कुणी फेकणार नाही हे मला ठाऊक आहे. पण बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. त्यातून आपल्या मुलाच्या इयत्तेचं सोडून दुसऱ्याच इयत्तेचं इंग्रजी पुस्तक उघडा, कुठलंही पान काढा, तो न पाहिलेला उतारा झाला. तो वाचून काय कळलं ते आधी मराठीत सांगायला लावा, मग इंग्रजीत चार वाक्यं लिहायला. चुका होतील. लगेच लाल पेन उचलू नका.

आणि येत्या पालकसभेत पोर्शनचा प्रश्न दुसऱ्या कुणाला तरी विचारू द्या. तुम्ही शिक्षकांना एवढंच विचारा : ‘‘या महिन्यात पुस्तकाबाहेरचं काय वाचायला दिलंत, आणि माझ्या मुलीनं त्यावर स्वतःच्या शब्दांत काय लिहिलं, ते बघायला मिळेल का?’’