एक मोबाईल, घरची दहा कामं



मासिक बैठकीत बचत, हप्ते, व्याजाचं बोलणं संपलं की एक तक्रार हमखास निघते, "लेकरू मोबाईल सोडतच नाही." नांदेडकडचं गाव असो की लातूरकडचं, तक्रार तीच. लगेच दुसरी ताई म्हणते, "अगं, पण त्याच्या हातात दिल्याशिवाय स्वयंपाक तरी होतो का?" दोघींचंही खरं आहे. म्हणून या अंकात यावरच नीट बोलू.

आधी एक गोष्ट मान्य करू. मोबाईल आता चैनीची वस्तू राहिला नाही. लाडकी बहीण योजनेचे १५०० रुपये जमा झाल्याचा मेसेज त्याच्यावर येतो. ओटीपी त्याच्यावर, बैठकीचा निरोप त्याच्यावर, सोयाबीनचा भाव त्याच्यावर, शाळेतून आलेला गृहपाठही त्याच्यावर. आणि बऱ्याच घरांत तो एकच असतो. रानातून येऊन चूल पेटवायची, भाकरी थापायच्या, जनावरांचं बघायचं, त्या तासाभरात रडणाऱ्या लेकराला मोबाईल दिला म्हणून कोणी तुम्हाला वाईट आई म्हणू नये. देताना काय बघायचं, किती वेळ द्यायचा आणि नियम कोणासाठी करायचा, एवढंच ठरवायचं आहे.

लेकरू मोबाईल का सोडत नाही?

लेकरू हट्टी असतं म्हणून नाही. गोष्टीला शेवट असतो, खेळ दमल्यावर थांबतो. मोबाईलवरचा एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू होतो. जितका वेळ बघणार तितक्या जाहिराती दिसणार आणि तितकी कंपनीची कमाई होणार, म्हणून ते तसंच बनवलेलं आहे. मोठी माणसंसुद्धा "पाच मिनिटं बघतो" म्हणून तासभर बसतात, तिथं चार वर्षांचं लेकरू काय करणार?

लहान लेकरांसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगितलेलं प्रमाण लक्षात ठेवायला सोपं आहे. दोन वर्षांच्या आत मोबाईल-टीव्ही नकोच. दोन ते चार वर्षांपर्यंत दिवसभरात जास्तीत जास्त एक तास, आणि त्याहून कमी असेल तर चांगलंच. लहान लेकरू बोलायला शिकतं ते समोरच्यानं उत्तर दिल्यावर. ते "बा" म्हणतं, आपण "काय रे बाबा?" म्हणतो, त्यातून भाषा येते. मोबाईल बोलतो खूप, पण लेकराला उत्तर देत नाही. जेवताना तर मोबाईल नकोच. पोट भरलं की नाही, याकडे लेकराचं ध्यानच राहत नाही.

एका गावानं काय केलं

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. लोकसंख्या तीन हजारांच्या आसपास. कोरोनानंतर शाळा सुरू झाल्या तेव्हा शिक्षकांच्या लक्षात आलं, की मुलांचं लिहिण्या-वाचण्यात मन लागत नाही, सगळं ध्यान मोबाईलमध्ये. गावानं ठरवलं, की रोज संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजणार आणि ८.३० पर्यंत घरोघरी टीव्ही आणि मोबाईल बंद. १५ ऑगस्ट २०२२ पासून हे सुरू झालं.

यातली आपल्या कामाची गोष्ट पुढे आहे. विषय पहिल्यांदा निघाला तेव्हा गावातल्या पुरुषांनी तो हसण्यावारी नेला होता. मग बायकांना एकत्र बोलावलं. त्यांनी मोकळेपणानं सांगितलं, की आम्हीपण मालिका बघत बसतो, आमचंही बंद होऊ दे. तिथून गोष्ट पुढे सरकली. मग घरोघर जाऊन लोकांना समजावून सांगितलं.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नांदेडच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात, पुसद तालुक्यातल्या बान्सी गावानं वेगळा ठराव घेतला. तिथं १८ वर्षांखालच्या मुलांना मोबाईल वापरायलाच बंदी केली. दोन्ही गावांची काळजी सारखीच. पण आपल्या घरासाठी मला वडगावचा रस्ता जास्त जवळचा वाटतो. तिथं नियम फक्त लेकरांना नाही, आई-बापालाही आहे. बाप बाजेवर पडून व्हिडिओ बघतोय आणि पोराला म्हणतोय "अभ्यास कर", हे किती दिवस चालणार? शिवाय तिथं मोबाईल वाईट ठरवलेला नाही, फक्त वेळ ठरवली आहे.

आपल्या मोबाईलमध्ये या पाच गोष्टी करा

घरात कोणाला जमत नसेल तर बैठकीला मोबाईल घेऊन या, सीआरपी ताई किंवा बँक सखी दाखवतील.

१. स्क्रीन लॉक लावा आणि तो लेकरांना सांगू नका. वाढदिवसाची तारीख किंवा १२३४ ठेवू नका. पैसे पाठवायच्या ॲपला वेगळं लॉक ठेवा.

२. ॲप पिन करायला शिका. बऱ्याच मोबाईलमध्ये सेटिंगच्या सिक्युरिटी भागात "ॲप पिनिंग" किंवा "स्क्रीन पिनिंग" असतं. ते चालू केलं की जे ॲप उघडून दिलं तेवढंच लेकराला वापरता येतं. बाहेर यायचं तर लॉक मागायची सोय तिथंच आहे, तीही चालू करा. मग गोष्ट बघता बघता लेकरू तुमच्या पैशाच्या ॲपमध्ये शिरत नाही.

३. यूट्यूबवर "ऑटोप्ले" बंद करा. एक व्हिडिओ संपला की तिथंच थांबेल. लहान लेकरांसाठी "यूट्यूब किड्स" हे वेगळं ॲप आहे. त्यात टायमर लावता येतो. वेळ संपली की ते स्वतःच बंद होतं, म्हणजे भांडण आईशी होत नाही.

४. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये "पेरेंटल कंट्रोल" चालू करा आणि खरेदीसाठी पासवर्ड मागायला लावा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन गेमवर केंद्र सरकारनं २०२५ मध्ये कायदा करून बंदी घातली आहे. असा गेम कोणी पाठवला तर उघडूच नका, आणि हे घरातल्या मोठ्या पोरांनाही सांगा.

५. यूपीआय पिन लेकराला किंवा शेजाऱ्याला सांगू नका. फोनवरून कोणी "मॅनेजर बोलतोय" म्हणालं तरी सांगायचा नाही. पिन लागतो तो पैसे पाठवायला आणि शिल्लक बघायला. पैसे यायला पिन कधीच लागत नाही. "पैसे जमा करायचेत, पिन टाका" असं कोणी म्हणालं तर तो फसवतोय, हे पक्कं समजा. पैसे गेलेच तर लाजू नका, रडत बसू नका, लगेच १९३० ला फोन लावा आणि बँकेलाही कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवता येण्याची आशा जास्त.

डोळ्यांऐवजी कानाला काम

स्वयंपाकाच्या वेळेला लेकरू गुंतवायचंच असेल तर चित्राऐवजी आवाज द्या. मोबाईल फळीवर ठेवून गोष्ट किंवा गाणी लावा, नाहीतर रेडिओवर आकाशवाणीचं नांदेड केंद्र लावा. भाकरी थापता थापता तुम्हीपण ऐकाल, लेकराशी त्यावर बोलालही. शेंगा सोलायला, लसूण निवडायला जवळ बसवलं तर हातालाही काम मिळतं.

वाचणाऱ्या मुलांसाठी बालभारतीचं "किशोर" मासिक आहे. १९७१ पासून निघतं आणि जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. पाठ्यपुस्तकात चौकोनी क्यूआर कोड छापलेला असतो. दीक्षा ॲपमधून तो स्कॅन केला की त्या धड्याचा व्हिडिओ किंवा इतर साहित्य उघडतं. "अभ्यास करतोय" म्हणणाऱ्या पोराला म्हणा, "कोणता धडा? दाखव बरं." आपल्याला वाचता येत नसलं तरी हे विचारता येतं.

मुलीच्या हातातून मोबाईल काढून घेण्याआधी

आता थोडं अवघड बोलते. घरात मोबाईलचा नियम झाला की तो बहुतेक वेळा मुलीवरच पडतो. पोरगा रात्री अकरापर्यंत गेम खेळतो, त्याला कोणी काही म्हणत नाही. पोरीनं मैत्रिणीला मेसेज केला तर "बिघडली" म्हणतात. लातूर पॅटर्नचं नाव आपण अभिमानानं घेतो, लेकरांनी डॉक्टर व्हावं म्हणतो. मग दहावी-बारावीच्या पोरीला अभ्यासाचा व्हिडिओ बघायला मोबाईल नको का?

समजा, अनोळखी माणसानं तिला घाण मेसेज पाठवला, किंवा फोटोवरून धमकावलं. ती आधी कोणाला सांगेल? सांगितलं की मोबाईल जाईल, मग कॉलेज जाईल, मग स्थळं बघायला सुरुवात होईल, ही भीती असेल तर ती कोणालाच सांगणार नाही. धमकावणाऱ्याला तेच हवं असतं. म्हणून काही झालं नसतानाच तिला सांगून ठेवा, "काहीही आलं तरी मला दाखव. तुझी शाळा बंद होणार नाही." हे वाक्य कुठल्याही लॉकपेक्षा जास्त कामाचं आहे. आणि ते पाळा. तो मेसेज पुसू नका, पुरावा म्हणून ठेवा. मुलांसाठी १०९८ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे नंबर घरात भिंतीवर लिहून ठेवा.

पुढच्या बैठकीसाठी

आपला गट पै-पै साठवून उभा राहिला, तो सगळ्यांनी एकच नियम पाळला म्हणून. अध्यक्ष असो की नवीन सदस्य, बचत सगळ्यांना सारखी. मोबाईलचंही तसंच करून बघू. पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं घरची एक वेळ ठरवून सांगायची. अर्धा तास असला तरी चालेल, जेवणाची वेळ असली तरी चालेल. त्या वेळेत घरातले सगळे मोबाईल एका टोपलीत जातील, मालकांचासुद्धा. एक महिना करा. कोणाकडे जमलं, कोणाकडे नाही आणि का नाही, ते इतिवृत्ताच्या वहीत लिहा. दोन-चार गटांना जमलं तर विषय ग्रामसंघात घेऊ आणि तिथून ग्रामसभेत. वडगावच्या बायकांनी पण सुरुवात स्वतःच्या मालिकेपासूनच केली होती.

तुमची,
क्षेत्र समन्वयक